आधी इशारा, मग वार

चीनमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ एक ऑनलाइन खेळ चालू आहे आणि आजही लाखो माणसे तो एकमेकांच्या सोबतीने खेळतात. नेटईझ कंपनीच्या या खेळाचे नाव ‘फँटसी वेस्टवर्ड जर्नी’. थांग राजवटीतला चीन, मानव, राक्षस आणि दिव्य अशा तीन जाती, पाच-पाच जणांची टोळकी आणि पावलापावलावर मायावी शत्रू असा त्याचा पसारा. लढाई सुरू झाली की पडदा जणू थबकतो. ठरावीक सेकंदांत प्रत्येकाने आपली चाल सांगायची: वार, मंत्र, बचाव, औषध किंवा पळ. सगळ्यांच्या चाली आल्या की ज्याचा वेग जास्त त्याची चाल आधी घडते. मग पुन्हा सगळे विचाराला बसतात.

कुंभार पिंपळगावच्या बाजारात मोबाइलवर खेळणारी पोरे कोणीही पाहावीत. लुडोचा डाव असतो, बंदुकांचे खेळ असतात. पबजीवर 2 सप्टेंबर 2020 रोजी इतर अ‍ॅपसह बंदी आली आणि पुढच्या वर्षी त्याचा भारतीय अवतार आला. त्या खेळात डोळ्याचे पाते लवायच्या आत गोळी झाडावी लागते. चिनी खेळाची रीत याच्या अगदी उलट आहे. ही रीत आपल्याला परकी नाही. तिची एक जुनी, लेखी साक्ष ज्या माणसाने नोंदवली, तोच माणूस या चिनी खेळाच्या मुळाशी आहे.

तो माणूस म्हणजे युआन श्वांग. शालेय पुस्तकात तो हर्षवर्धनाच्या धड्यात भेटतो आणि परीक्षेपुरता लक्षात राहतो. हा बौद्ध भिक्षू चीनमधून निघाला, भारतभर फिरला आणि 645 मध्ये 657 ग्रंथ घेऊन परतला. पुढच्या वर्षी त्याने सम्राटासाठी आपला प्रवासवृत्तांत पूर्ण केला. या प्रवासाभोवती पुढची नऊ शतके कथा, कीर्तने, नाटके साचत गेली आणि 1592 मध्ये नानजिंगला शंभर अध्यायांची ‘पश्चिमेची यात्रा’ ही कादंबरी छापली गेली. तिचे कर्तेपण वू छंग-अन याला देतात. खऱ्या प्रवासात बराचसा एकटा असलेला भिक्षू कादंबरीत चौघांच्या सोबतीने निघतो: सुन वुखोंग हा महाबली वानर, डुकराच्या तोंडाचा खादाड चू पाच्ये, नदीतला राक्षस शा वूचिंग आणि घोडा झालेला नागपुत्र.

कादंबरीची बांधणीच खेळासारखी आहे. भिक्षूला एक्याऐंशी संकटे भोगायची असतात. ग्रंथ मिळतात, परतीची वाट सुरू होते, तेव्हा नव्व्याण्णवाव्या अध्यायात हिशेब केला जातो आणि ऐंशीच भरतात. मग उरलेले एक मुद्दाम घडवले जाते: नदी ओलांडताना कासव सगळ्यांना पाण्यात टाकते, ग्रंथ भिजतात, खडकावर वाळत घालावे लागतात. खऱ्या युआन श्वांगाचीही सिंधू ओलांडताना अशीच दैना झाली होती. नाव हेलकावली आणि पन्नासएक हस्तलिखिते पाण्यात गेली. कादंबरीकाराने ते दुःख नऊ शतकांनी उचलून शेवटच्या संकटाच्या जागी बसवले असावे, असे मला वाटते.

खेळाने कादंबरीतली स्थळे घेऊन त्यांची गुरुकुले केली. वुखोंग जिथे विद्या शिकला तो डोंगर शत्रूला मंत्राने जखडणाऱ्यांचा झाला. भिक्षूने जिथे मोठा धर्मविधी केला ते मंदिर जखमा भरणाऱ्यांचे झाले. एकटा कितीही बलवान असला तरी पुढे जाऊ शकत नाही, कोणीतरी राखणारा आणि कोणीतरी बरा करणारा लागतोच. कादंबरीचा गाभा एवढ्या नेमकेपणाने खेळाच्या नियमात उतरणे मला फार मोलाचे वाटते. 2024 चा गाजलेला ‘ब्लॅक मिथ: वुखोंग’ डोळे दिपवतो, पण तिथे वानर बहुतांशी एकटाच झुंजतो.

त्या वानराचेही आपल्याशी नाते असू शकते. हू श या विद्वानाने 1923 मध्ये त्याचे मूळ हनुमानात असावे असे सुचवले. लेखक लू शून यांनी ते न मानता चिनी जलवानराकडे बोट दाखवले, आणि वाद अजून मिटलेला नाही. कुंभार पिंपळगाव ज्या घनसावंगी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या जांबला 1608 मध्ये, म्हणजे ही कादंबरी छापल्यावर सोळा वर्षांनी, समर्थ रामदास जन्मले. त्यांनी पुढे गावोगाव मारुती उभे केले. इथल्या मुलाला वुखोंगाची ओळख करून द्यायला फार शब्द लागणार नाहीत.

मात्र कादंबरीत आणि खेळात एक मुक्काम गाळलेला आहे, तो महाराष्ट्राचा. 641 च्या सुमारास युआन श्वांग कोकणपुराहून श्वापदांच्या आणि दरोडेखोरांच्या रानातून इथे आला. राजा होता चालुक्य पुलकेशी दुसरा, ज्याने हर्षाला नर्मदेवर अडवले. युआन श्वांग लिहितो की जमीन सुपीक आहे, हवा उष्ण आहे, शंभराच्या आसपास विहार आणि पाच हजार भिक्षू आहेत. राजधानी एका मोठ्या नदीजवळ होती. ती कोणती, याबद्दल अभ्यासकांनी नाशिक, कल्याण, देवगिरीपासून गोदावरीकाठच्या टोके, पुणतांबे, पैठणपर्यंत नावे घेतली. तीच गोदावरी घनसावंगी तालुक्याच्या दक्षिणेने वाहते.

माणसांविषयी तो जे लिहितो ते मी पुन्हा पुन्हा वाचतो. उपकार करणाऱ्याला ते विसरत नाहीत, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवतात, दोघेही शस्त्रे सज्ज करतात आणि मग भाल्याने भिडतात. पळणाऱ्याचा पाठलाग करतात, पण शरण आलेल्याला मारत नाहीत. हरलेल्या सेनापतीला शिक्षा देत नाहीत, बायकांची वस्त्रे देतात, आणि तो लाजेने स्वतःच जीव देतो. या वर्णनात क्रौर्यही आहे आणि ते लपवू नये. लढाईआधी शेकडो वीर मद्य पितात, हत्तींनाही पाजतात. पण शत्रूला त्याची पाळी देऊन मगच वार करायचा, हा पाळीपाळीच्या खेळाचा पहिला नियम एका परक्या भिक्षूने या भूमीची खूण म्हणून लिहून ठेवला आहे.

पाळीचे खेळही इथे होतेच. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शिवपार्वती द्यूत खेळताना कोरले आहेत, तेही युआन श्वांग येण्याच्या आधी. हर्षाच्या दरबारातला बाण चतुरंगाचा उल्लेख करतो. पुढे सारीपाट आणि मोक्षपट मराठी घरांत रुळले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ हा पुराणकथेवरचा खेळ जगभर पोचवला. तो झटापटीचा आहे, पाळीचा नाही, पण महाराष्ट्रात बसून असे काम होते हे त्याने दाखवले.

म्हणून युआन श्वांगाच्या महाराष्ट्राचा टप्पा पाळीच्या खेळाच्या रूपाने मराठीत घडावा असे मला मनापासून वाटते. त्याच्या वृत्तांताचे सॅम्युअल बील यांचे 1884 चे इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे, पुलकेशीच्या राजवटीतला रविकीर्तीचा 634 चा ऐहोळे शिलालेख उपलब्ध आहे. टप्पा कोकणपुराच्या रानात सुरू व्हावा आणि गोदावरी ओलांडावी. मग उत्तरेला तो डोंगरातला विहार लागावा, ज्याच्या दाराशी दगडी हत्ती आहेत आणि ते गर्जतात असे लोक म्हणतात, असे युआन श्वांगाने लिहिले. तो विहार आचार नावाच्या अर्हताने बांधला, असेही तो सांगतो. हा विहार अजिंठ्याचा असावा, कारण तिथल्या सव्विसाव्या लेण्यातल्या लेखात स्थविर अचलाचे नाव आहे आणि सोळाव्या लेण्याच्या पायथ्याच्या दाराशी दोन हत्ती आजही उभे आहेत. तिथून नर्मदा आणि भरुकच्छ. वाटेत पुलकेशीचे भालाईत आडवे येतील तेव्हा त्यांनी आधी निरोप धाडावा, खेळणाऱ्याला सज्ज व्हायला वेळ मिळावा, आणि शरण आलेल्यावर वार करण्याचा पर्याय पडद्यावर दिसूच नये.