हिजरत म्हणजे पलायन नव्हे
रोहिणखेडची मशीद खुदावंतखान महदवीने १५८२ साली बांधली. 'महदवी' म्हणजे जौनपूरच्या सय्यद मुहंमदांना (१४४३–१५०५) महदी, मार्गदर्शक, मानणारे. त्यांच्या आचारात 'हिजरत' महत्त्वाची. आमचे विद्यार्थी या शब्दाचा अर्थ 'पलायन' लिहितात. तो चूक आहे.

मक्केत कुळ हीच माणसाची ढाल होती. बिलाल या हबशी गुलामाला ती नव्हती. त्याचे हाल झाले. ६२२ साली पैगंबर मक्का सोडून मदिनेस गेले. तेथे कुळापलीकडची 'उम्मत' उभी राहिली, आणि बिलाल पहिली अजान देणारा ठरला. (गुलामगिरी मात्र संपली नाही, हेही नोंदवले पाहिजे.) हिजरी सन मोजतात तो याच स्थलांतरापासून, पैगंबरांच्या जन्मापासून नव्हे.

महदवी घरदार सोडून 'दायऱ्या'त राहत. आलेले धान्य, पैसा सर्वांत सारखा वाटत. त्या वाटणीला ते 'सवीयत' म्हणत.