बारा मिनिटांचा हिशेब

टीव्हीवर मालिका चालू असते. सून दाराआड उभी आहे. आत तिच्याविषयीच काही बोलणे चालले आहे. आता हिच्या कानावर काय पडणार, म्हणून घरातले सगळे श्वास रोखून बसतात. आणि नेमका त्याच वेळी पडद्यावर साबण येतो! साबणामागून चहा, चहामागून मोटारसायकल, मग केसांचे तेल, मग पुन्हा तोच साबण. आजी म्हणते, "मेलं, जरा रंगात आलं की यांचं हे असंच!" मुलांचे मात्र काही बिघडत नाही. त्यांना जाहिराती तोंडपाठ असतात.

हे असे का होते? आणि जाहिराती किती वेळ दाखवाव्यात, याला काही नियम आहे की नाही? आज आपण हेच समजून घेऊ.

आधी पैशाची गोष्ट पाहू. मालिका करायला खर्च येतो. नट-नट्या, लेखक, दिवे, कॅमेरे, कपडेपट, सगळ्यांना पैसे लागतात. आपण केबलवाल्याला किंवा डिशला दरमहा पैसे भरतो, हे खरे. पण तेवढ्यात बहुतेक वाहिन्यांचे भागत नाही. काही वाहिन्या तर फुकटच दिसतात. मग पैसा येतो कुठून? जाहिरातीतून.

भाजीवाली भाजी विकते. गिरणीवाला दळून देतो. वाहिनी काय विकते? तुम्ही म्हणाल, मालिका विकते. मालिका ती आपल्याला दाखवते, आणि विकते ती आपली नजर. साबणाच्या कंपनीला ती सांगते, "रात्री साडेआठला एवढी माणसे आमच्यासमोर बसलेली असतात. त्यांच्यासमोर दहा सेकंद उभे राहायचे तर एवढे पैसे पडतील." आपल्याकडे जाहिरातीचा भाव असा दहा सेकंदांवर ठरतो. दुपारी भाव कमी, रात्री जास्त. बाजाराच्या दिवशी चौकातल्या जागेला जसा भाव येतो, तसेच हे.

मग गोष्ट ऐन रंगात थांबते का, तेही कळेल. सून दारातून निघून गेली, सगळे सुरळीत झाले, आणि मग जाहिरात आली, तर आपण उठून कुकर लावू. उत्सुकता ताणलेली असली म्हणजे माणूस जागचा हलत नाही. म्हणून लिहिणारे मालिका लिहितानाच अशा जागा राखून ठेवतात. कीर्तनकारही कीर्तन रंगात आणून मध्ये थांबतो आणि बुक्का लावायला सांगतो. फरक एवढाच, की कीर्तनकार साबण विकत नाही.

टीव्हीवरची पहिली अधिकृत जाहिरात अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात दाखवली गेली, १ जुलै १९४१ रोजी. ती होती बुलोवा कंपनीच्या घड्याळाची, आणि काही सेकंदांतच संपली. आपल्या देशात टीव्ही दिल्लीला १९५९ साली आला, मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या त्या १९७६ साली. 'रामायण' मालिका १९८७ साली लागली, तेव्हा सुरुवातीला ओळीने जाहिराती येत. त्या संपेपर्यंत बायका चुलीवरचे उतरवून येत, शेजारपाजारचे येऊन बसत. पुढे १९९० नंतर खासगी वाहिन्या आल्या, त्यांची आपसांत चढाओढ लागली, आणि गोष्टीचे तुकडे पडू लागले.

आता नियम. केबल टीव्हीचे नियम १९९४ सालचे आहेत. त्यांत पुढे एक कलम घातले गेले. ते असे, की एका तासात १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवू नयेत. त्यांतली १० मिनिटे कंपन्यांच्या जाहिरातींची, आणि २ मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या जाहिरातींची. "उद्या पाहा अमुक मालिका" असे जे दाखवतात, ती वाहिनीची स्वतःची जाहिरात. तीही मोजायची. कार्यक्रम चालू असताना पडद्याच्या खालच्या बाजूला जाहिरातीची पट्टी सरकवून व्यत्यय आणू नये, जाहिरात भलती कर्कश असू नये, हेही त्याच नियमांत आहे.

टीव्हीवर देखरेख ठेवणारी ट्राय नावाची सरकारी संस्था आहे. तिने २०१२ साली आणखी कडक नियम केला होता. दोन ब्रेकमध्ये निदान १५ मिनिटांचे अंतर हवे, आणि चित्रपट असेल तर ३० मिनिटांचे. आमच्या मते हाच नियम प्रेक्षकाच्या खऱ्या उपयोगाचा होता. १२ मिनिटे एका दमात दाखवली तर माणूस निदान जेवून तरी घेतो. तीच सहा ठिकाणी वाटली तर धड जेवण नाही आणि धड गोष्ट नाही. पण २०१३ साली नियम बदलला आणि अंतराची अट गेली. तासाला १२ मिनिटांची मर्यादा राहिली. युरोपातल्या देशांच्या संघाने मात्र चित्रपट आणि बातम्या दर अर्ध्या तासाला एकदाच तोडता येतील असा कायदा केला आहे.

राहिलेल्या मर्यादेवरही भांडण झाले. वाहिन्यांचे म्हणणे, की आमचे पोट जाहिरातीवर आहे, आणि असा नियम करण्याचा ट्रायला अधिकारच नाही. बातम्यांच्या वाहिन्या दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेल्या. निकाल लागेपर्यंत त्यांच्यावर सक्तीची कारवाई करू नये, असे न्यायालयाने २०१३ च्या अखेरीस सांगितले. नियम पुस्तकात असणे आणि घरातल्या पडद्यावर दिसणे, यांत किती अंतर पडते, ते यावरून ध्यानात यावे.

जाहिरात मुळातच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. पोलिओचा डोस कोणत्या रविवारी द्यायचा, हे कितीतरी घरांना टीव्हीवरूनच समजले. पण वेळ कोणाचा जातो, ते पाहिले पाहिजे. समजा, एका घरात रोज संध्याकाळी ७ ते १० टीव्ही चालतो. तासाला १२ मिनिटे, म्हणजे रोज ३६ मिनिटे. महिन्याचे ३० दिवस धरले तर १०८० मिनिटे, म्हणजे १८ तास. वर्षाचे झाले २१६ तास. आठ तासांचा एक रोज धरला, तर हे सत्तावीस रोज झाले! आणि हा हिशेब नियम पाळणाऱ्या वाहिनीचा. शिवाय जाहिरातीचा खर्च कंपनी आपल्या पदरचा करीत नाही. तो साबणाच्या वडीच्या किमतीत घातलेला असतो. म्हणजे नजरही आपली आणि पैसाही आपलाच.

हा हिशेब घरच्या घरी करता येतो. भिंतीवरचे घड्याळ, एक कागद आणि पेन्सिल पुरे. बरोबर आठ वाजता बसा आणि नऊला उठा. जाहिरात सुरू झाली की वेळ लिहा, संपली की वेळ लिहा. साडेआठला सुरू करून साडेनऊपर्यंत मोजाल तर चालणार नाही. नियमातला तास म्हणजे घड्याळाचा तास. हे काम शाळेतल्या मुलाला सांगा. त्याची वजाबाकी पक्की होईल, आणि तो तेवढा वेळ जाहिरातीतले गाणेही म्हणणार नाही.

बेरीज १२ मिनिटांच्या वर गेली, तर तक्रार करता येते. २०२१ सालापासून पद्धत अशी आहे, की तक्रार आधी त्या वाहिनीकडेच लिहून पाठवायची. तिने १५ दिवसांत उत्तर दिले पाहिजे. उत्तराने समाधान झाले नाही, तर वाहिन्यांनी मिळून नेमलेल्या मंडळाकडे पुढच्या १५ दिवसांत दाद मागायची. जाहिरातीतली गोष्टच खोटी असेल, म्हणजे आठ दिवसांत काळ्याचे गोरे करतो असे कोणी सांगत असेल, तर तो प्रश्न वेगळा. त्यासाठी ग्राहकांचा सरकारी फोन आहे, १९१५.

वाहिनीला लिहायचे पत्र लांबलचक नको. ते असे लिहावे:

"महाशय, आपल्या वाहिनीवर अमुक तारखेला रात्री ८ ते ९ या तासात आम्ही घड्याळ लावून जाहिराती मोजल्या. पहिला ब्रेक किती वाजता सुरू झाला व किती वाजता संपला, दुसरा किती वाजता, ते खाली लिहिले आहे. एकूण वेळ १२ मिनिटांपेक्षा जास्त भरतो. नियमाप्रमाणे तो कमी करावा आणि काय केले ते आम्हांला कळवावे."

खाली सही, पत्ता आणि तारीख घालावी. पत्राची एक नक्कल आपल्याजवळ ठेवावी.