घरातली चार पावलं (लेखांक ९) : बाळूच्या घरी आलेली चिंगी

बुजऱ्या कुत्र्याला फिरायला नेताना काय सांभाळायचं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. त्याच बाळूची गोष्ट आज पुढे नेते. आषाढातल्या एका संध्याकाळी, धो धो पावसात, आमच्या पार्किंगमधल्या स्कूटरखालून मांजरीचं एक पिल्लू घरात आलं. दीड महिन्याचं असेल. ओलंचिंब, ओंजळीत मावेल एवढं, आणि तरी कशालाच न घाबरणारं. बाळू चार वर्षांचा, अठरा किलोंचा. त्या रात्री तो पलंगाखाली शिरला, तो सकाळी फिरायला जायची वेळ झाली तरी बाहेर येईना.

त्या दिवसांत घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "कुत्रा पिल्लाला काही करणार नाही ना?" प्रश्न रास्तच आहे. पाठलागाची खोड असलेल्या धसमुसळ्या कुत्र्यापाशी एवढ्याशा जिवाला क्षणभरही एकटं सोडू नये. पण आमच्या घरात धास्ती कोणाची कोणाला बसली होती, हे बाळूकडे एकदा बघितलं असतं तरी कळलं असतं. सांभाळायचं होतं ते त्याला.

बाळूचं लहानपण एका गोदामाच्या आवारात साखळीला बांधलेलं गेलं. कुत्र्याच्या पिल्लाला जगाची ओळख होते ती साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. या काळात जे भेटतं ते पुढे आपलं वाटतं, जे भेटत नाही त्याची भीती राहते. अमेरिकेतल्या बार हार्बर इथे वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास करून जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ साली पुस्तक लिहिलं, त्यातून ही गोष्ट ठसठशीतपणे पुढे आली. मांजरांमध्ये हा काळ आणखी लवकर येतो आणि लवकर संपतो, दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या आसपास. म्हणजे चिंगी अगदी वेळेत आमच्याकडे पोचली होती आणि बाळूची वेळ कधीच निघून गेली होती. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच छपराखाली राहणाऱ्या कुत्र्यामांजरांचं निरीक्षण २००८ साली प्रसिद्ध केलं. त्यातही हेच दिसलं की मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा वर्षाच्या आत एकमेकांना भेटले, तर जमण्याची शक्यता जास्त.

वय उलटलेल्या कुत्र्याला आणखी एक अडचण येते, ती भाषेची. कुत्र्याने पुढचा पाय उचलला तर बहुतेक वेळा 'चल, खेळू' किंवा 'मला जरा धीर दे' असा अर्थ असतो. मांजराचा उचललेला पंजा पुढच्या क्षणी नाकावर बसू शकतो. कुत्र्याची सैल हलणारी शेपूट आनंदाची, मांजराची सपसप आपटणारी शेपूट वैतागाची. मांजर उताणं पडलं म्हणजे शरण आलं असं बाळूला वाटायचं. तो हळूच मान पुढे करायचा आणि चारही पाय त्याच्या तोंडाला बिलगायचे! तेल अवीवच्या अभ्यासातली मला सर्वांत भावलेली गोष्ट अशी, की लहानपणापासून एकत्र वाढलेले प्राणी समोरच्याची ही परकी भाषा वाचायला शिकतात. मांजरं करतात तसं नाकाला नाक लावून भेटणं कुत्रेही करू लागतात.

आता माझ्या चुकीबद्दल. दुसऱ्या दिवशी मी चिंगीला मांडीवर घेतलं आणि बाळूचा पट्टा धरून त्याला जवळ ओढलं. वास घेतला की ओळख होईल, असा माझा समज. त्याने ओठांवरून भराभर जीभ फिरवली, मोठी जांभई दिली, मान वळवली. डोळ्यांची पांढरी कड दिसायला लागली. या चारही खुणा मला पाठ होत्या, या लेखमालेत मीच त्या लिहिल्या आहेत, आणि तरी त्या क्षणी मी त्या वाचल्या नाहीत. मग तो गुरगुरला आणि घरातलं कोणीतरी त्याच्यावर ओरडलं. हे कधीही करू नये. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने शब्दांत सांगणं. ते सांगणंच बंद पाडलं तर पुढच्या वेळी न सांगता चावा येतो.

त्यानंतर आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. चिंगीला छोटी खोली दिली, दार बंद. डॉक्टरांच्या तपासणीसाठीही हे लागतंच. रस्त्यावरच्या पिल्लाच्या अंगावर पिसवा असतात, पोटात जंत असतात, आणि गजकर्ण असेल तर ते कुत्र्याला आणि माणसांनाही होतं. रोज एकाच्या अंथरुणातलं फडकं दुसऱ्याच्या अंथरुणाजवळ ठेवायचं. अंथरुणात नाही, जवळ. हुंगायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. जेवणाच्या वाट्या दाराच्या दोन बाजूंना, आधी लांब, मग रोज वीतभर पुढे. बाळू दाराशी निवांत जेवायला लागला तेव्हा सुताराकडून दारात डासांच्या जाळीची चौकट बसवून घेतली.

जाळीपलीकडे चिंगी दिसली की बाळूसमोर उकडलेल्या चिकनचा तुकडा, ती दिसेनाशी झाली की चिकन बंद. हा क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी चिकन आणि मग मांजर असं चार वेळा झालं, तर कुत्रा चिकन बघूनच बिचकतो. किती अंतरावर थांबायचं, ते तोच सांगतो. घाबरलेला कुत्रा आवडीचा घासही तोंडात घेत नाही. बाळूने तुकडा सोडला की आम्ही दोन पावलं मागे जायचो.

पण खरी मेहनत घ्यावी लागली ती चिंगीवर. मांजरीची पिल्लं दबा धरून, झेप घेऊन, मानेला धरून खेळतात आणि भावंडांबरोबर खेळतानाच किती जोरात चावायचं ते शिकतात. जोरात चावलं की समोरचं पिल्लू ओरडतं, खेळ थांबतो. एकट्या सापडलेल्या पिल्लाला हा धडा मिळालेलाच नसतो. चिंगीने भावंडाच्या जागी बाळूची शेपूट धरली. तिला रागावून उपयोग नव्हता, तिची शिकारीची हौस दुसरीकडे भागवायला हवी होती. मांजरांना भल्या पहाटे आणि तिन्हीसांजेला उधाण येतं. त्या दोन्ही वेळी काठीला बांधलेलं पीस तिच्यापुढे पंधरा मिनिटं पळवायचं, शेवटी ते तिला पकडू द्यायचं आणि लगेच जेवण द्यायचं. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा तिचा नैसर्गिक क्रम पुरा झाला की ती दोन-तीन तास पडून राहते. बाळूच्या तब्येतीला सर्वांत जास्त गुण आला तो या पिसाने, असं माझं ठाम मत आहे. नखांची टोकंही दर दहा-बारा दिवसांनी कापतो, कारण कुत्र्याच्या डोळ्याला लागलेलं नख महागात पडतं.

मग जाळी उघडली. पट्टा बाळूला लावला नाही. बांधलेल्या कुत्र्याला निघून जाता येत नाही आणि त्यानेच भीती वाढते. त्याच्या मागे दार उघडं ठेवलं आणि मी पीस घेऊन चिंगीजवळ बसले. पहिली भेट तीन मिनिटांची होती.

मांजराला उंच फळी द्या, असं सगळे सांगतात, ते बरोबरच आहे. बुजऱ्या कुत्र्याला त्याहून जास्त गरज असते ती बंद दाराची, कारण पिल्लू कुठेही चढतं, कुठल्याही फटीतून शिरतं. मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो. कोणी केव्हाही शेपटीवर झेप घेणार असेल, तर ही झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेवर भीती पोसते.

भाद्रपदात ढोल-ताशांचा सराव सुरू झाला आणि बाळू पुन्हा पलंगाखाली गेला. एका भीतीवर दुसरी चढली की कुत्र्याचं भांडं भरून वाहतं. चार दिवस आम्ही परत बंद दारावर आलो. दिवाळीच्या तोंडावर नवं पिल्लू घरी आणण्याचा कोणी विचार करत असेल, तर कृपा करून फटाके संपेपर्यंत थांबा. आणि कुत्रा जेवण सोडू लागला, घरात शू करू लागला, पंधरा दिवसांनंतरही लपूनच राहू लागला, तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. वरवर भीती वाटते तिथे कधी कधी दुखणं निघतं.

आता सकाळी चिंगी शेपूट उभी करून येते, बाळू एकदाच तिच्या नाकाला नाक लावतो आणि आपल्या चटईवर जाऊन बसतो. दोघं एकमेकांना बिलगून झोपत नाहीत. दुपारी एक ते चार त्याच्या खोलीचं दार आजही बंद असतं आणि ती दाराबाहेर, फटीशी पंजा ठेवून, झोपलेली असते.