स्लिम आहे, पण सिम कुठंय?
अहिल्यानगरच्या सावेडीतल्या दुकानात आयफोन एअर हातात घेतला आणि तोंडून निघालं, 'आयला!' जाडी फक्त ५.६ मिलिमीटर, वजन १६५ ग्रॅम, टायटॅनियमची चकचकीत फ्रेम. खिशात आहे की नाही, तेच कळत नाही! १९ सप्टेंबर २०२५ रोजी भारतात विक्रीला आला, तेव्हा किंमत होती १,१९,९०० रुपयांपासून पुढे. पण या बारीक अंगकाठीची किंमत आणखीही आहे बरं का! मागे कॅमेरा एकच आणि सिमचा ट्रे गायब. फक्त ई-सिम! म्हणजे नगर-पुणे रस्त्यावर बॅटरी संपली, तर सिम काढून मित्राच्या फोनमध्ये टाकायची सोय नाही. तेव्हा अपडाऊनवाल्यांनो, प्रेमात खुशाल पडा, पण पॉवर बँक सोबत ठेवून!