खांबाचे ड्रिल घरी आणताना

भीमा नदीच्या उत्तरेला शिरूर तालुका आणि दक्षिणेला दौंड. बाजरी, ऊस आणि गुळाची गुऱ्हाळे यांसाठी हा मुलूख ओळखला जातो. पण इथल्या माणसांना लोखंडाचाही चांगलाच लळा आहे. दौंडला तो रेल्वेने लावला. १८७८ मध्ये मनमाडची लाइन जोडली गेली आणि जुन्या कागदपत्रांत ‘धोंड’ म्हणून येणारे हे गाव मोठे जंक्शन झाले. त्यानंतर घरटी नाही तरी आळीत एखादा फिटर, खलाशी किंवा ड्रायव्हर सापडणे अवघड राहिले नाही. पुढे साखर कारखाने आले, कुरकुंभची वसाहत आली, नदीपलीकडे रांजणगावला गणपतीच्या शेजारी मोठमोठे कारखाने उभे राहिले. तिथे पाळ्या करून घरी आलेल्या माणसाचे हात सुटीच्या दिवशीही स्वस्थ बसत नाहीत. कडबाकुट्टीचे पाते बदल, फाटकाची बिजागरी बसव, शेजाऱ्याच्या कल्टिव्हेटरला पट्टी जोड, असे काही ना काही चाललेलेच असते. पडवीच्या कोपऱ्यात व्हाइस येतो, मग ग्राइंडर येतो आणि एक दिवस घरात विषय निघतो, “एखादे खांबाचे ड्रिल घेऊ या का?”

घरातून पहिला प्रश्न येतो तो असा, “अहो, हातातले ड्रिल आहे की! मग हा खांब कशाला?”

प्रश्न रास्त आहे. भोक पाडणे हे काम काही नवे नाही. आपल्या सुताराकडे सामता होता, गिरमिट होते, आणि दोरीच्या ओढीवर तो सागवानात सुरेख भोक पाडत असे. पण लोखंडाची गोष्ट निराळी. हातातल्या ड्रिलने १० मिलिमीटर जाडीच्या पट्टीत भोक पाडताना मनगट एक केसभर कलले, तर वरून बरोबर दिसणारे भोक खालून तिरके निघते. दोन भोके असतील तर बोल्ट बसत नाही, मग भोक मोठे करायचे, मग बोल्ट हलतो, मग वॉशर! खांबाच्या ड्रिलमध्ये बिट टेबलाशी काटकोनातच उतरते आणि दट्ट्याच्या जोरावर माणसाचा दम वाचतो. एवढे दोनच फायदे, पण ज्याला महिन्यातून चार वेळा लोखंड छेदायचे आहे त्याला ते पुरेसे आहेत. वर्षातून दोनदा भिंतीवर कॅलेंडर टांगणाऱ्याने मात्र हा लेख वाचून करमणूक करून घ्यावी, मशीन घेऊ नये.

आपल्याकडे ही मशीन क्षमतेवरून ओळखली जातात. १३ मिलिमीटरचे मशीन टेबलावर ठेवायचे असते, तर २० किंवा २५ मिलिमीटरचे बहुधा जमिनीवर उभे राहणारे. घरच्या कामात १२ मिलिमीटरच्या बोल्टपलीकडे सहसा जावे लागत नाही, तेव्हा १३ चे पुरते. शेतीची अवजारे दुरुस्त करायची असतील तर २० चे घ्यावे. त्याच्या स्पिंडलमध्ये मोर्स टेपर असतो, म्हणजे चक काढून मोठे बिट थेट बसवता येते. हा उतरता शंकू ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या अमेरिकेतल्या स्टीफन मोर्स यांनी पिळाच्या बिटाचे पेटंट १८६३ मध्ये घेतले. चावीने आवळायच्या चकचे पेटंट आर्थर जेकब्स यांचे, १९०२ सालचे. पिळाचे बिट आणि चावीचा चक अजून तसेच चालू आहेत.

दुकानदार हॉर्सपॉवर सांगतो. गिऱ्हाइकाने मात्र सर्वांत कमी वेग किती, हे विचारावे. साध्या पोलादाला हायस्पीड बिटाच्या कडेचा वेग मिनिटाला २५ मीटरच्या आसपास लागतो. त्या हिशेबाने ६ मिलिमीटरचे बिट मिनिटाला साधारण १३०० फेऱ्यांवर चालावे, १२ चे ६५० वर आणि २५ चे ३२० च्या आसपास. जाडी दुप्पट झाली की फेऱ्या निम्म्या, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ. स्वस्त, हलक्या मशीनचा सर्वांत कमी वेगच इतका जास्त असतो की मोठे बिट पहिल्या भोकातच निळे पडते.

नवे घ्यायचे की जुने? माझे मत जुन्याकडे झुकते, कारण जुन्या मशीनला बीड भरपूर असते आणि बीड जड असले की मशीन थरथरत नाही. कारखाने जुनी मशीन काढतात, व्यापारी ती रंगवून मांडतात. रंगाकडे पाहूच नये. टेबल पाहावे. टेबलाची चाळण झालेली असेल, तर आधीच्या मालकाने खाली लाकूड न ठेवता आरपार भोके पाडली आहेत, आणि असा माणूस तेलपाणी करत असेल यावर विश्वास ठेवणे कठीण. मग स्पिंडल पूर्ण खाली घेऊन हाताने आडवे हलवून पाहावे. खडखड जाणवली तर किंमत निम्मी करा किंवा चहा पिऊन परत या. मशीन प्रत्येक वेगावर चालवून बेअरिंगचा आवाज ऐकावा. चक काढून आतल्या शंकूवर ओरखडे नाहीत ना, हे बॅटरीच्या उजेडात पाहावे. टेबल काटकोनात आहे का, हे पाहायला उपकरण लागत नाही. जाड तार काटकोनात वाकवून चकमध्ये धरायची, तिचे टोक टेबलाला जेमतेम टेकवायचे आणि स्पिंडल हाताने फिरवायचे. टोक चारही बाजूंना सारखेच टेकले पाहिजे.

आता विजेचे. कारखान्यातून निघालेल्या मशीनवर बहुतेकदा थ्री फेज मोटर असते. गावठाणातल्या घरात सिंगल फेज असते, आणि शेतावरच्या कनेक्शनला थ्री फेज वीज अनेक ठिकाणी ठरावीक तासच येते. तेव्हा अर्धा किंवा एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर बसवून घेणे शहाणपणाचे. पण खरी काळजी पुढेच आहे. आपल्या भागातल्या शेतकऱ्याने विहिरीवरच्या स्टार्टरला ‘ऑटो’ बसवलेला असतो. रात्री दोन वाजता वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा, अंधारात बांधावरून जावे लागू नये, म्हणून. सवयीने तोच स्टार्टर, त्याच ऑटोसह, ड्रिलला जोडला तर काय होईल? भोक पाडताना वीज जाते. आपण बिट मोकळे करायला चकला हात घालतो. आणि वीज येते.

साध्या खटक्याच्या स्विचचेही तेच. खटका खाली असला की वीज आल्याक्षणी मशीन फिरू लागते. म्हणून ड्रिलला हिरव्या-लाल बटणांचा, नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टरच हवा, आणि त्यावर ऑटो अजिबात नको. वीज गेली की कॉइल सुटते, परत आली तरी हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर हलत नाही. या एका वस्तूवर खर्च करताना घासाघीस करू नये. तसेच अर्थिंगचे. चैत्र-वैशाखात आपला मुरूम इतका कोरडा पडतो की अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. अंगणातल्या तुळशीला पाणी घालताना एक तांब्या तिकडेही ओतावा, आणि शक्यतो लीकेज झाल्यास वीज तोडणारा स्विच बोर्डावर बसवून घ्यावा.

मशीन ठरले, पैसे दिले, आता आणायचे. २० किंवा २५ चे उभे मशीन दोन-तीन माणसांच्या वजनाचे असते आणि ते सगळे वजन डोक्यात असते. उभ्याने ढकलायला गेलात तर ते आधी डोलते आणि मग पडते. मध्ये उरत नाही तेवढा वेळ. म्हणून ते सुटे करून आणावे. आधी पट्टा आणि मोटर काढायची. टेबल सर्वांत खाली आणून आवळायचे, आणि ते सैल करताना खालून आधार द्यायला विसरायचे नाही. मग डोके चेनकप्पीला टांगून खांबावरून उचलायचे. दोर बिडाच्या अंगाला बांधावा. दट्ट्याच्या दांड्यांना किंवा स्पिंडलला कधीही नाही. स्पिंडल वाकले तर मशीन गेलेच म्हणायचे. बोल्ट-नट एका डब्यात, आणि काढण्यापूर्वी मुलांना सांगून चार फोटो. जोडताना तेच उपयोगी पडतात.

‘छोटा हत्ती’ टेम्पोत खाली जुने टायर टाकून त्यावर सुटे भाग आडवे ठेवावेत आणि चारी बाजूंनी ताणून बांधावेत. पुण्याहून शिरूरला येणाऱ्याला वाघोली, कोरेगाव भीमा, शिक्रापूर इथली गर्दी ठाऊक आहेच. दौंडकडे जाणाऱ्याने सोलापूर रस्त्याने उरुळी, यवत, चौफुला धरावे. न्हावरे-चौफुला रस्त्याने नदी ओलांडून मशीन नेणारे असतील, त्यांनी गळीत हंगामात पहाटेच निघावे. उसाच्या जोड ट्रॉल्यांमागे दर गतिरोधकाला ब्रेक मारत जाणे बिडाच्या मालाला मानवत नाही. दारात पोहोचल्यावर पायथा पाइपांच्या तुकड्यांवर लोळवत नेता येतो. उंबऱ्यावर फळी टाकायची, मागून पहारेचा आधार द्यायचा आणि पाय खाली घालायचे नाहीत. हौशी पुतणे मदतीला येतात, त्यांना हेच चारदा सांगावे लागते.

जागा ठरवताना दाराचा विचार करा. लोखंडी अँगल २० फुटांचा मिळतो, त्याच्या मधोमध भोक पाडायचे तर तो दाराबाहेर जाऊ देता आला पाहिजे. काळ्या मातीवरची फरशी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मशीनखाली काँक्रीटचा स्वतंत्र चौथरा घालून ते बोल्टने आवळावे. लहान मुलांच्या पळण्याच्या वाटेत ते नको.

चालवताना हातमोजे घालू नयेत. ग्राइंडरवर ते रक्षण करतात, ड्रिलवर तेच हात ओढून नेतात. मनगटातला दोरा, अंगठी, घड्याळ, मोकळी बाही, ओढणी, मोकळे केस, गळ्यात लोंबणारे काहीही बाजूला. डोळ्यांना चष्मा. पातळ पत्रा हाताने धरू नये. बिट आरपार जाताना ते पत्र्याला उचलते आणि तो पंख्यासारखा फिरतो. पत्रा लाकडावर ठेवून क्लॅम्पने आवळावा. लांब पट्टी असेल तर तिचे लांब टोक डावीकडे, खांबाला टेकवून ठेवावे. बिट वरून पाहता घड्याळाच्या काट्यासारखे फिरते, त्यामुळे पट्टी सुटली तरी ती खांबावर अडते, आपल्या पोटावर येत नाही. चावी चकमध्ये ठेवून क्षणभरही वळू नये.

देखभाल फारशी नाही. शिरूरकडे कोकणासारखा गंज चढत नाही, पण उन्हाळी वाऱ्याची धूळ तेलाला चिकटते आणि खांबावर पॉलिश पेपरचे काम करते. म्हणून तेल पातळ, थोडे आणि पुसून. कीस ब्रशने काढायचा, बोटाने नाही. झाकायला प्लास्टिक नको, त्याखाली थंडीत घाम धरतो. जुने सुती लुगडे उत्तम. बिटाची धार ११८ अंशांची आणि दोन्ही ओठ सारखे असावेत. दोन्ही बाजूंनी सारखेच वेटोळे निघू लागले की धार जमली. एकाच बाजूने निघत असेल तर भोक मोठे पडणार. पोलादाला साबणाचे तेलपाणी, अॅल्युमिनियमला थोडे रॉकेल, बिडाला आणि पितळेला कोरडेच.

वर्षाची मोठी साफसफाई खंडेनवमीला आपसूक होते. त्या दिवशी अवजारे पुसून मांडायचीच असतात, तर पट्ट्याला भेगा पडल्यात का, पुलीचे स्क्रू ढिले झालेत का, अर्थिंगची तार जागेवर आहे का, हेही पाहून घ्यावे. मग खुशाल हळदकुंकू वाहावे आणि झेंडूचा हार घालावा. फक्त तो चकला न घालता डोक्यावर घालावा, आणि दसऱ्यानंतर पहिले हिरवे बटण दाबण्याआधी काढावा.