घरातलं ऑफिस – भाग ६ : प्रिंटर कागद का घेत नाही?

गेल्या आठवड्यात प्रिंटर मोबाइलला कसा जोडायचा ते पाहिलं. आता कागदाकडे वळू. प्रिंटर बिघडला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो कागद ओढत नसतो, दोन-दोन ओढत असतो किंवा आत अडकवून बसलेला असतो. माझं ठाम मत आहे की, दुरुस्तीवाल्याला फोन करण्यापूर्वी आधी कागद, मग ट्रे आणि मग रबर याच क्रमाने बघावं.

लोणंदमध्ये आता घरोघरी प्रिंटर दिसतात. कोणी कांद्याच्या अडतीचे हिशेब काढतं, कोणी डिजिटल सहीचा सातबारा, कोणी क्लासच्या नोट्स. गाव पर्जन्यछायेतलं, पाऊस बेताचा. तरी माउलींची पालखी नीरा ओलांडून मुक्कामाला येते त्या दिवसांत हवा चांगलीच दमट असते, आणि कागद हवेतलं पाणी शोषतो. ओलावलेले कागद एकमेकांना चिकटतात, कडा वळतात. लेझर प्रिंटरचा फ्युजर, म्हणजे छपाई कागदावर पक्की करणारा भाग, साधारण २०० अंशांपर्यंत तापतो. ओलसर कागद त्यातून गेला की गुंडाळी होऊन बाहेर पडतो किंवा तिथेच अडकतो. उन्हाळ्यात उलटं होतं. कोरड्या हवेत घर्षणाने कागदांवर विजेचा भार साठतो आणि तेव्हाही दोन-दोन कागद जातात.

म्हणून ५०० कागदांचं रीम फोडलं की लागेल तेवढाच कागद काढा आणि बाकीचा वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवा. फरशीवर ठेवू नका. ट्रेमध्ये घालण्याआधी गठ्ठा चारही कडांनी फुलवून घ्या आणि टेबलावर आपटून सारखा करा. रोजच्या कामाला ७५ किंवा ८० जीएसएमचा कागद चांगला. एका बाजूने छापलेला कागद पाठकोरा म्हणून पुन्हा घालायची आपल्याकडे सवय आहे. काटकसर म्हणून ती योग्यच, पण तो कागद एकदा तापून वळलेला असतो, कधी त्यात पिनही राहिलेली असते. असे कागद कच्च्या लिखाणाला वापरा.

ट्रेचं काम सोपं आहे. बाजूच्या पट्ट्या कागदाला नुसत्या टेकाव्यात. सैल राहिल्या तर कागद तिरका जातो, दाबल्या तर उचललाच जात नाही. ट्रेवरच्या खुणेपेक्षा जास्त कागद भरू नका. मुद्रांकाचा कागद जाड असतो, तो पुढच्या किंवा मागच्या सुट्या फटीतून एकेक घाला.

आता रबर. प्रिंटर बंद करा, वायर काढा, ट्रे बाहेर ओढा आणि टॉर्च मारून आत बघा. कागद उचलणारा रबरी रोलर दिसेल. नवा असताना तो मऊ, किंचित खरखरीत असतो. जुन्यावर कागदाची पांढरी भुकटी बसलेली असते आणि बोट फिरवलं तर ते काचेसारखं घसरतं. या गुळगुळीतपणामुळेच रोलर नुसता फिरतो आणि कागद जागेवर राहतो. सुती कापड पाण्याने जेमतेम ओलं करा आणि रोलर हळूहळू फिरवत पुसून पूर्ण वाळू द्या. थिनर किंवा पेट्रोल लावू नका, रबर कडक होऊन तडकतं. समोर एक छोटी पट्टी असते, सेपरेशन पॅड. तिचं काम खालचा कागद रोखून धरायचं. दोन-दोन कागद जात असतील तर तीही पुसा.

कागद अडकलाच तर घाईने ओढू नका. तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढा. उलटा ओढला तर फाटतो, आणि नखाएवढा तुकडा आत राहिला तरी पुढचा प्रत्येक कागद तिथेच अडतो. छापताना लाईट गेली की कागद हमखास मध्येच थांबतो. लेझर प्रिंटर असेल तर आत हात घालण्याआधी फ्युजर निवू द्या. लाईट जाण्यावर उपाय म्हणून लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर मात्र लावू नका. फ्युजर तापताना एकदम जास्त वीज खेचतो.

एवढं करूनही कागद उचलला जात नसेल तर रोलर झिजला आहे असं समजा. बऱ्याच मॉडेलचे रोलर आणि पॅड सुटे मिळतात. दुकानदाराने नवा प्रिंटर घ्या म्हटलं, तरी आधी प्रिंटरचा मॉडेल नंबर सांगून या दोन सुट्या भागांची चौकशी करा.