बालदमा आणि पंप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात कापसाचा हंगाम सुरू होऊन जिनिंगची धूळ आणि पहाटेचा गारठा एकत्र आले, की दमा असलेल्या मुलांच्या खोकल्याला निमित्त मिळते. निरोगी श्वासनलिका ज्या धुळीची, धुराची किंवा थंड हवेची दखलही घेत नाहीत, त्यांनीच आकुंचन पावण्याच्या या प्रवृत्तीस श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता म्हणतात.

गैरसमज : पंपापेक्षा सिरप सौम्य, पंपाची सवय लागते.
वस्तुस्थिती : साल्ब्युटामॉलच्या सिरपच्या 5 मिलिलिटरमध्ये सामान्यतः 2 मिलिग्रॅम औषध असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याचा विसावा भाग असतो. सिरप रक्तावाटे सर्व शरीरात पसरत असल्याने हात थरथरणे, छाती धडधडणे हे त्रास त्यानेच अधिक होतात. पंपाचे व्यसन लागत नाही.

गैरसमज : सगळे पंप सारखेच, धाप थांबली की औषध पुरे.
वस्तुस्थिती : साल्ब्युटामॉल काही मिनिटांत नलिकांभोवतीचे स्नायू सैल करते, पण त्याचा परिणाम 4 ते 6 तासच टिकतो आणि आतली सूज तशीच राहते, ती उतरवण्याचे काम ब्युडेसोनाइडसारखे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड करते. अमेरिका व कॅनडातील 5 ते 12 वर्षांच्या 1041 मुलांवर झालेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅम्प’ या अभ्यासात ब्युडेसोनाइड, नेडोक्रोमिल आणि औषधविरहित फवारा यांची तुलना झाली. नलिका आकुंचित करणारे मेथाकोलिन श्वासातून देऊन संवेदनशीलता मोजली असता ती ब्युडेसोनाइडने स्पष्टपणे कमी झाली, नेडोक्रोमिलने मात्र औषधविरहित फवाऱ्याहून अधिक फरक पडला नाही. औषध थांबल्यावर ब्युडेसोनाइडचा हा लाभही टिकला नाही, यावरून बरे वाटताच पंप परस्पर बंद करणे का अहितकारक, हे उमगते.

गैरसमज : स्टेरॉइडमुळे मुलाची वाढ खुंटते.
वस्तुस्थिती : वाढीवर परिणाम होतो, पण तो अल्प असतो, याच अभ्यासातील ब्युडेसोनाइड घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी 1.2 सेंटिमीटरने कमी भरली. म्हणूनच डॉक्टर दमा आटोक्यात ठेवणारी किमान मात्रा ठरवतात आणि उंची वेळोवेळी मोजतात.

पालकांनी पंप स्पेसर या नळकांड्यातूनच द्यावा, अगदी लहान मुलांसाठी त्याला मास्क जोडावा, स्टेरॉइडनंतर मुलाला चूळ भरायला लावावी, आणि औषध बदलण्याचा वा थांबवण्याचा निर्णय बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावा.